दोन कंबरा आणि एक बाबागाडी

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप व्हायचा होता, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही तेव्हा बॉबलिंगेनमध्ये राहत होतो. नवरा गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये डोकं घालून बसायचा. मी एका आयटी कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचे. अकरा वर्षांची मुलगी आमच्या मराठी प्रश्नांना जर्मनमधून उत्तरं द्यायची, आणि तीही एका शब्दात.

नोव्हेंबरात एका शनिवारी मी तळघरातल्या वॉशिंग मशीनमधून ओल्या चादरी काढायला वाकले आणि तशीच राहिले. कमरेतून जी चमक निघाली ती थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. एका हातात चादर, दुसरा हात मशीनवर, आणि मी काटकोनात. मुलीला हाका मारमारून खाली बोलावलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि जर्मनमधून विचारलं, "काय हरवलंय?"

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे. ऑपरेशनची गरज नाही, पण वाकायचं नाही, उचलायचं नाही, आणि बसायचं तर अजिबातच नाही म्हटलं तरी चालेल. उभं राहा, चाला, नाहीतर आडव्या व्हा. ऑफिसात मी खोक्यावर खोका रचून त्यावर कीबोर्ड ठेवला आणि उभ्याने चुका काढायला लागले. डॉक्टरांनी एक कंबरपट्टाही दिला होता. चांगला वीतभर रुंद, आत कडक पट्ट्या असलेला, पुढे जाडजूड पॅड बसवलेला. तो बांधला की माझा कुठलाच कोट पुढून लागेना. मग हिवाळाभर नवऱ्याचं जाकीट घातलं. पुढे झुकलं की कळ यायची, म्हणून मी वरचं अंग जरासं मागे टाकून, एक हात मागे कमरेवर ठेवून, पाय फाकवत हळूहळू चालायचे. आरशात स्वतःला बाजूने बघायची सवय मला कधीच नव्हती.

त्या हिवाळ्यात मला जर्मन लोकांचा चांगुलपणा दिसला. बसमध्ये चढले की माणसं पटकन उठून जागा द्यायची. मी "नको, नको, मी उभीच बरी" म्हणायचे तर त्यांना ते पटायचंच नाही. एका आजोबांनी माझ्या हाताला धरून मला प्रेमाने खाली बसवलंच. मी अशी किंचाळले की सगळी बस आजोबांकडे खाऊ की गिळू नजरेनं बघायला लागली. दुकानात लोक रांगेत पुढे जाऊ द्यायचे. खालच्या मजल्यावरचा एरवी कधी 'गुटन टाग'ही न म्हणणारा गृहस्थ माझं पाण्याच्या बाटल्यांचं क्रेट वर आणून ठेवायला लागला.

या सगळ्यावर कळस म्हणजे केरवोखं. आम्ही राहायचो त्या श्वाबेन मुलखात जिना आळीपाळीने पुसायचा असतो. आपली पाळी आली की दारावर एक पाटी लटकते, आणि ती पाटी असताना जिना न पुसणं म्हणजे सबंध इमारतीशी वैर. आमच्या दारावर ती लटकली त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. त्या पंचाहत्तरीच्या आसपासच्या, एकट्याच राहायच्या. पाठीला वरच्या अंगाला चांगला बाक आला होता, त्यामुळे समोरच्याशी बोलताना त्यांना मान तिरकी करून वर बघावं लागायचं. त्यांनी पाटी काढून स्वतःच्या हातात घेतली.

"आल्झो, हे बघा, तुमच्या अशा अवस्थेत जिना पुसायचा नाही," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यापर्यंत मी बघते."

मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, मी उगाच यांना कोरडे म्हणत होते. कंबरदुखीची केवढी कदर आहे या लोकांना!"

मार्चमध्ये सासूबाई आल्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर, पहिल्यांदाच. त्या साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवून हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या. साताऱ्यातल्या दोन पिढ्यांच्या बायका त्यांच्या "पोक काढू नकोस गं"ला घाबरून ताठ चालायला शिकल्या, असं लोक म्हणत. लग्नात मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला, आणि त्याच दमात "खांदे मागे" असंही सांगितलं. त्या माझ्यापेक्षा उंच होत्या, म्हणून मला त्यांची जरा जास्तच भीती वाटायची.

माझ्या कमरेबद्दल नवऱ्याने त्यांना कळू दिलं नव्हतं. "सांगितलंस तर ती तिकीट रद्द करेल," तो म्हणाला होता, "किंवा सहा महिने राहील." त्यामुळे श्टुटगार्टच्या विमानतळावर पंचाईत झाली. नमस्कार तर करायलाच हवा, आणि वाकता येत नाही. मी पाठ सरळ ठेवून, पैलवान बैठक मारतो तशी खाली बसले, त्यांच्या पायांना हात लावला आणि तशीच वर आले. सासूबाईंच्या भुवया केसांना टेकल्या. पण मलाही एक गोष्ट दिसली होती. त्यांच्या साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळत होत्या, आणि मला त्यांच्या डोक्यावरचा भांग दिसत होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

मग पंधरा दिवस आमच्या घरात एक विचित्र शीतयुद्ध चाललं. सकाळी सासूबाई चहा घेऊन सोफ्यावर बसायच्या आणि शेजारची जागा थोपटायच्या. "ये गं, बस जरा." मी "हो हो" म्हणत खिडकीशी उभी राहायचे. जेवताना मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून खायचे आणि सांगायचे, "तुम्ही बसा आई, मी वाढते." वाढून झालं तरी मी उभीच. तीन दिवसांनी त्यांनी लेकाला बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई माझ्या पंक्तीला बसत नाही. काही राग आहे का?" त्याने काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली.

इकडे माझी वेगळीच तक्रार होती. मी हौसेने त्यांना गाव दाखवायला न्यायचे, तर शंभर पावलं चालल्या की त्या थांबायच्या. दिसेल त्या दुकानाच्या काचेसमोर वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून आत बघत राहायच्या. चपलांचं दुकान, चष्म्यांचं, कानातल्या यंत्रांचं. एकदा तर इतका वेळ बघत होत्या की नवरा शेवटी म्हणाला, "आई, हे शवपेट्यांचं दुकान आहे."

"असू दे," त्या वाकूनच म्हणाल्या. "लाकूड चांगलं वापरतात."

तळं बघायला नेलं तर पहिल्या बाकावर बसल्या त्या उठेनात. मला वाटलं, यांना आपलं काहीच आवडत नाही. त्यांना वाटलं, ही मला मुद्दाम उन्हातान्हात पळवते, स्वतः घटकाभरही टेकत नाही आणि मलाही टेकू देत नाही. मार्चमधल्या जर्मनीत ऊन कुठलं, पण राग आला की ऊनही लागतं.

याचा उलगडा सुपरमार्केटमध्ये झाला, दुधाच्या फ्रीजसमोर. मी यादीतल्या वस्तू शोधत होते आणि सासूबाईंच्या हातात सामानाची ढकलगाडी दिली होती. जरा वेळाने बघते तर त्या गायब. म्हटलं, बसल्या असतील कुठेतरी. इतक्यात त्या पलीकडच्या रांगेतून सुसाट आल्या, माझ्या समोरून गेल्या आणि लोणच्यांच्या बरण्यांपाशी वळून दिसेनाशा झाल्या. दोन्ही कोपरं दांड्यावर टेकलेली, अंग पुढे झुकलेलं, चेहरा आनंदी. सबंध दुकानाला त्यांची ती तिसरी फेरी होती. चौथ्या फेरीला मी त्यांना अडवलं.

"आई, तुम्ही तर मस्त चालताय! मग बाहेर काय होतं तुम्हाला?"

त्या थांबल्या. इकडेतिकडे बघितलं. मराठी कळणारं कोणी नव्हतंच, तरी आवाज खाली आणला. "मी कुठे चालतेय? ही गाडी चालतेय. गाडी सोडून सरळ उभी राहिले ना, की कंबर तुटते. मांड्या भरून येतात, पायांत मुंग्या. बसलं की गेलं. वाकलं की गेलं. वर्ष झालं आता. बोलले नाही कोणाला. बोलले असते तर यानं मला येऊ दिलं असतं का?"

मी म्हटलं, "आई, माझं बरोब्बर उलटं आहे. मला बसलं की मरण, वाकलं की मरण. उभं राहिलं की बरं." आणि स्वेटर वर करून त्यांना पट्टा दाखवला.

त्यांनी पट्ट्याला बोटाने टकटक करून बघितलं.

"म्हणजे तू माझ्याशेजारी बसत नव्हतीस ते—"

"आणि तुम्ही शवपेट्या बघत होतात ते—"

आम्ही दोघी हसत सुटलो. हसल्यावर मला कळ आली म्हणून मी ताठ झाले, त्यांना उभ्याने कळ आली म्हणून त्या गाडीवर ओणव्या झाल्या, आणि त्या अवस्थेत एकमेकींकडे बघून आणखी हसू आलं. दही घ्यायला आलेल्या बाई दही न घेताच गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणक्यांचा सांगाडा उचलला आणि दोघींना एकदमच समजावलं. मी दुभाषी. तुमच्या सुनेच्या वयात, ते म्हणाले, मणक्यांमधल्या गाद्या अजून ओल्या असतात. वाकलं, बसलं की दाब येतो आणि फुगवटा मागे नसेवर जातो. वय वाढलं की गाद्या सुकतात, चपट्या होतात. त्यामुळे माणूस उंचीला कमी होतो, कमरेचा मूळचा बाक सपाट होत जातो आणि माणूस पुढे झुकतो. मणक्यांच्या आतली नसांची वाटही अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. म्हणून तुम्हाला वाकून बरं वाटतं.

सासूबाईंनी विचारायला सांगितलं, "म्हणजे हिला वाकायला बंदी आणि मला ताठ राहायला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आणि घाई करू नका. वीसेक वर्षांनी सूनबाईही तुमच्या बाजूला येतील."

तेव्हा मला तो विनोद वाटला होता. आता माझी साठी जवळ आली आहे आणि हल्ली रांगेत उभं राहायची वेळ आली की मी आधी टेकायला कठडा शोधते. खुर्ची, जी त्या वर्षी मला शत्रू वाटत होती, तिच्यासारखं सुख नाही. पक्ष बदलतात म्हणतात ते कमरेच्या बाबतीत खरं आहे.

सासूबाई मात्र त्या दिवशी डॉक्टरांवर खूश होत्या. घरी येताना म्हणाल्या, "आयुष्यभर मुलींना ताठ राहा, ताठ राहा म्हटलं. आता शास्त्रानंच मला पोक काढायची परवानगी दिली." त्यांना व्यायाम लिहून दिले होते. गुडघे पोटाशी घ्यायचे, सायकलसारखे पाय फिरवायचे, रोज चालायचं. चालण्यासाठी रोलाटोर घ्या, असंही डॉक्टरांनी सुचवलं होतं. रोलाटोर म्हणजे चार चाकांचा, ब्रेक लावलेला, ढकलत न्यायचा आधार. तिकडे रस्त्यारस्त्यावर आजीआजोबा तो घेऊन फिरताना दिसतात. दुकानात जाऊन सासूबाईंनी तो एका नजरेत बघितला आणि पाठ फिरवली.

"ते म्हाताऱ्या बायकांचं," त्या म्हणाल्या. त्या तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या.

त्याच सुमारास डॉक्टरांनी माझा पट्टा सोडायला सांगितला आणि त्याच आठवड्यात पाडवा आला. सासूबाईंनी साताऱ्याहून खण आणि गाठी आणल्याच होत्या. आम्ही बाल्कनीत झाडूच्या दांड्याला खण नेसवून, वर तांब्या पालथा घालून झोकात गुढी उभारली. कडुलिंब नव्हता म्हणून कढीपत्त्यावर भागवलं. दुपारी मी जिन्यात भेटले तर वरच्या आजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. पट्टा नाही, नवऱ्याचं जाकीट नाही, मी माझ्या स्वतःच्या कोटात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत तिरकं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

"हेर्त्स्लिशन ग्लुकवुन्श!" मनापासून अभिनंदन! "बाल्कनीत बघितलं मी. तुमच्याकडे असं करतात होय? सुंदर!"

मी चाट पडले. जर्मन आजींना आपलं नवीन वर्ष ठाऊक! "हो, आमच्याकडे असंच करतात," मी म्हटलं. "सगळ्या घरांवर."

"सगळ्या?" त्या जरा गोंधळल्या. "एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी," मी अभिमानाने म्हटलं.

जर्मनीत घरात मूल जन्मलं की दारासमोर लाकडी करकोचा उभा करतात आणि दोरीवर चिमुकले कपडे टांगतात, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या गुढीवरच्या खणाकडे मी त्या नजरेने कशाला बघणार?

पाडव्यानंतर काही दिवसांनी सासूबाई बटाटे आणायला तळघरात गेल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. मी खाली जाणार इतक्यात लिफ्टचं दार उघडलं आणि त्या बाबागाडी ढकलत बाहेर आल्या. मुलगी लहान असतानाची ती आमची बाबागाडी, मोठ्या चाकांची, उंच दांड्याची, वर घडीचं छत असलेली. टाकून द्यायचा मुहूर्त इतकी वर्षं लागला नव्हता. आत बटाटे होते.

"उंची बघ दांड्याची," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठीच केलीय."

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आजी नातवंडाला फिरवतेय. त्यात काय लाज आहे? त्या दुसऱ्या गाडीत म्हणतील, म्हातारी स्वतःला फिरवतेय."

मी मुकाट्याने बटाटे काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज तळ्याला फेरी मारायला लागल्या. जाताना बाबागाडीत एक छोटी गोधडी, येताना त्यात भाजी. पंधरा दिवसांपूर्वी शंभर पावलांत थकणारी बाई आता बाजार करून, तळ्याला वळसा घालून येऊन वर मला विचारायची, "काही राहिलं का आणायचं?" गालांवर तजेला आला. कंबर दुखायची थांबली नव्हती, पण आता दुखणं त्यांच्या मागे धापा टाकत यायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी आम्हाला सांगितली नाही. तळ्याकाठी म्हाताऱ्या माणसांना बाबागाडी दिसली की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी एका आजोबांनी डोकावायला मान पुढे केली तेव्हा आत, गोधडीत गुंडाळलेला, हिरव्या पानांतून जरासा डोकं बाहेर काढलेला एक फ्लॉवर होता. सासूबाईंना जर्मनमधलं आभाराच्या 'डांके'पलीकडे काही येत नव्हतं. फ्लॉवर का फिरवते हे खुणांनी कसं समजावणार? त्यांनी पटकन छत खाली ओढलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "श्श्!"

आजोबा चवड्यांवर लांब गेले.

हे त्यांना इतकं आवडलं की पुढे त्या रोज करायला लागल्या. फ्लॉवरला "श्श्", कोबीला "श्श्", एकदा तर नुसत्या गाजरांनाही. कोणी फारच लोचटपणा केला तर बाबागाडी हलवत अंगाईसुद्धा गुणगुणायच्या. आम्हाला याची खबरबात नव्हती. आम्हाला एवढंच दिसायचं की आई हल्ली फिरून आल्या की हसत येतात.

मे महिन्यात एका शनिवारी दुपारी मी बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवी होते, पोटऱ्या खुर्चीवर टाकून. डॉक्टरांनी दिवसातून काही वेळ असं पडायला सांगितलं होतं. बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. दारात वरच्या आजी, एका हातात केक, दुसऱ्या हातात रिबीन बांधलेलं पुडकं. मला जमिनीवरून सगळं ऐकू येत होतं.

"इतके दिवस मुद्दाम आले नाही," त्या म्हणाल्या. "आईला विश्रांती हवी असते. पण आता राहवेना. छोटी कुठे आहे?"

आमच्या घरात छोटी म्हणजे मुलगी. नवरा म्हणाला, "ती पोहायला गेलीय."

"पोहायला? इतक्यात?"

"हो, दर शनिवारी जाते. तिला फार आवडतं."

"आल्झो, हल्ली फार लवकर सुरू करतात," आजी म्हणाल्या. "बरोबर कोण आहे? ओमा, तिची आजी?"

"छे, एकटीच गेलीय. बसने."

यावर धप्पकन काहीतरी ठेवल्याचा आवाज आला आणि मी जमिनीवर पडल्या पडल्या मान वळवली. आजींनी केक चपलांच्या कपाटावर ठेवला होता आणि भिंतीचा आधार घेतला होता.

"एकटी," त्या हळूच म्हणाल्या. "बसने."

"तिच्याकडे पास आहे," नवरा म्हणाला.

माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळं एकदम जुळलं. पट्टा, जाकीट, बसमधले आजोबा, केरवोखं, गुढी, सासूबाईंचं साताऱ्याहून येणं, बाबागाडी. मी उठायचा प्रयत्न केला, पण तसं पडलेल्या माणसाला झटकन उठता येत नाही. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर, मग गुडघा. मी कुशीवर वळेपर्यंत लिफ्टचं दार उघडलं आणि सासूबाई बाबागाडी घेऊन दारात आल्या.

वरच्या आजींचा जीव भांड्यात पडला. "गॉट झाय डांक!" म्हणत त्या बाबागाडीकडे वळल्या. सासूबाईंनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं. "श्श्!"

आजींनी मान डोलावली, चवड्यांवर पुढे झाल्या, अगदी अलगद गोधडीचं टोक उचललं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिल्या.

"ब्लूमनकोल," त्या शेवटी म्हणाल्या. फ्लॉवर.

मी तोवर दारापर्यंत पोचले होते. जे जमेल त्या जर्मनमध्ये सांगत सुटले, माझी गादी, त्यांची गादी, पट्टा, नवीन वर्ष. नवरा मध्येच म्हणाला, "म्हणजे यांना वाटलं होतं की आपल्याला..." आणि लाल झाला. आजी एकदा माझ्याकडे, एकदा फ्लॉवरकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं. हिवाळाभर यांनी आपला जिना पुसला, आणि आपण यांना फ्लॉवर दाखवला. इतक्यात त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. हसता हसता पाठ धरली, मग बाबागाडीचा दांडा धरला. सासूबाईंना एका शब्दाचाही अर्थ लागला नव्हता, पण हसणाऱ्या माणसाबरोबर हसायला त्यांना दुभाषी लागत नाही. दोघी एकाच दांड्याला धरून हसत होत्या, आणि मधे तो फ्लॉवर.

पुडक्यात लोकरीचे चिमुकले मोजे आणि टोपी होती. मी परत द्यायला गेले तर आजी म्हणाल्या, "ठेवा, अजून तुमचं वय गेलं नाही." हे मी सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं नाही. टोपी पुढे आमच्या देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णाला मिळाली. त्याला ती डोक्यात कसली बसते, तो अख्खाच तिच्यात मावला. अजून थंडीत तो त्याच टोपीत झोपतो.

त्या दिवशी केक खाताना कळलं की वरच्या आजींकडेही एक रोलाटोर आहे. मुलाने आणून दिलेला, तळघरात, प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट. त्यांचं दुखणं सासूबाईंपेक्षा वेगळं होतं. त्यांचे मणकेच ठिसूळ होऊन पुढून चेपले होते, म्हणून पाठीला तो बाक. पण न वापरण्याचं कारण तेच होतं.

"ते म्हाताऱ्यांचं," आजी म्हणाल्या.

हे मात्र मी लगेच भाषांतर केलं. सासूबाईंनी खुर्चीतून पुढे वाकून त्यांच्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून तळ्यावर निघाल्या. सासूबाईंनी खुणा करून करून तो रोलाटोर वर काढायला लावला होता. मी बाल्कनीतून बघत होते. कोपऱ्यावर थांबून दोघींनी जरा वेळ काहीतरी हातवारे केले, आणि मग गाड्यांची अदलाबदल केली. वरच्या आजी बाबागाडी ढकलत निघाल्या आणि सासूबाई रोलाटोर.

संध्याकाळी मी विचारलं, "काय आई, तुम्ही तर म्हणत होतात, ते म्हाताऱ्या बायकांचं?"

"त्यांचंच आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी फक्त धरला होता. आणि काय गं, त्याला बसायला पाट पण आहे! दमलं की वळायचं आणि टेकायचं. सांगायला नको होतं का?"

वरच्या आजींनीही बाबागाडीबद्दल हेच सांगितलं, की भारतीय शेजारीण आहे, तिला मदत करते. असं करत दोघी रोज दुसरीचा मान राखून स्वतःची सोय बघत राहिल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. एकदा मी त्यांच्यामागून चालत होते. सासूबाई मराठीत त्यांच्या विहीणबाईंबद्दल, म्हणजे माझ्या आईबद्दल, बरंच काही सांगत होत्या आणि आजी जर्मनमधून दर वाक्याला "या, या", म्हणजे हो, हो, करत होत्या. मी पावलं हळू केली आणि मागेच राहिले.

जूनच्या सुरुवातीला सासूबाई परत गेल्या. बाबागाडी त्यांनी वरच्या आजींच्या दाराशी नेऊन ठेवली. आजींनी ती ठेवून घेतली आणि आमच्या दारावर केरवोखंची पाटी आणून लटकवली.

साताऱ्याला आमच्या गल्लीत रोलाटोरची चाकं दोन दिवसही टिकणार नाहीत, आणि नातवंडांशिवाय बाबागाडी ढकलली तर साताऱ्यात "श्श्" म्हणून भागत नाही, लोक छत वर करून बघतात. त्या चालणं सोडून देतील अशी मला काळजी होती. मी फोनवर तसं विचारलं.

"चालते की रोज. तुझ्या सासऱ्यांची सायकल होती ना मागच्या पडवीत? ती घेऊन."

"आई, तुम्हाला सायकल कुठे येते?"

"येत नाही म्हणून तर हातात धरून चालते. दांडा अगदी हवा तितका खाली आहे. मस्त वाकता येतं."

"आणि लोक विचारत नाहीत?"

"विचारतात. मी सांगायचे, पंक्चर झालीय. पण परवा एका भल्या माणसानं माझ्या हातातून ओढूनच घेतली, म्हणाला, बाई, तुम्ही माझ्या बायकोला शाळेत असताना वळण लावलंत, मी काढून आणतो पंक्चर. गेला घेऊन. मी भर रस्त्यात बिनआधाराची! शेवटी किराणावाल्याच्या पायरीवर बसून राहिले तासभर."

"मग आता?"

"आता सांगते, ब्रेक नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "बिनब्रेकच्या सायकलला कोणी हात लावत नाही."